कंदील, पिस्तूल आणि जिंजर एल

गावातल्या वाचनालयाच्या दारावर कागद लागला होता. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत ब्लॅक हिस्टरी मंथ, त्याखाली सामुदायिक चित्रसंध्या, त्याखाली हॅरिएट टबमनचं नाव, आणि तळाशी बारीक अक्षरांत तीन ओळी: प्रवेश विनामूल्य, कॅनव्हास, रंग, ब्रश आम्ही देऊ, पूर्वी कधी चित्र काढलेलं नसलं तरी चालेल. मराठी माणूस असा कागद खालून वर वाचतो. बायकोने 'विनामूल्य' वाचून फोन बाहेर काढला, शेवटची ओळ वाचून मी निश्चिंत झालो, आणि विषय काय आहे हे नाव नोंदवल्यावर आलेल्या ईमेलमधून आम्हांला नीट कळलं.

न्यू जर्सीतलं वाचनालय म्हणजे पुस्तकं मिळण्याची जागा, असं फक्त नव्याने आलेल्यांना वाटतं. मुरलेले लोक तिथून संग्रहालयांचे पास नेतात, केकची भांडी नेतात, परसातल्या वाफ्यासाठी बियाणं नेतात. माझ्या बायकोला तिथल्या सगळ्या लायब्ररियन नावाने ओळखतात. मला 'त्यांचे मिस्टर' म्हणून ओळखतात.

एरवी पेंट नाइट हा खर्चिक प्रकार आहे. बारमध्ये नाही तर एखाद्या स्टुडिओत माणसं जमतात, एका हातात वाइन आणि दुसऱ्या हातात ब्रश धरतात, समोर एक शिक्षिका मोठ्या कॅनव्हासवर चित्र काढत जाते आणि बाकीचे मागोमाग तेच चित्र काढतात. दोन तासांनी एकाच सूर्यास्ताच्या तीस प्रती तयार होतात आणि जो तो आपली प्रत घरी नेऊन टांगतो. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. दोन डोंगर, मधे सूर्य, डावीकडे झोपडी, उजवीकडे नारळ, मधून वाहणारी नदी: हे चित्र सबंध महाराष्ट्राने एकाच वर्गात बसून काढल्यासारखं काढलेलं आहे, मग गावात नदी असो वा नसो आणि नारळ फक्त देवापुढे पाहिलेला असो. आमच्या वेळी वाइन नव्हती, एवढाच फरक. वाचनालयातही नव्हती. तिथे जिंजर एल होती, पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात. आणि ब्रश धुवायचं पाणीही होतं, तशाच पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात. हे दोन पेले शेजारीशेजारी मांडण्याची कल्पना ज्याला सुचली त्याने स्वतः कधी चित्र काढलेलं नसावं.

कार्यक्रम तळघरातल्या खोलीत होता. लांब टेबलांवर कागद अंथरलेले, प्रत्येकापुढे एक छोटा कॅनव्हास, कागदी थाळीत पाच रंगांचे पाच ठिपके, तीन ब्रश आणि एक प्लास्टिकचा ॲप्रन. बायकोने बसताक्षणी दोन्ही थाळ्यांतले ठिपके सारखे आहेत ना, हे पाहून घेतलं. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. निवृत्त शाळामास्तरीण, जांभळा स्वेटर, गळ्यात चष्म्याची साखळी. मी ॲप्रनची मागची गाठ मारायला धडपडतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "इकडे वळ, बेबी." साठीला टेकलेल्या माणसाने या हाकेला काय उत्तर द्यायचं हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मी वळलो. त्यांनी गाठ मारली.

शिक्षिका तरुण होती आणि उत्साही होती. "इथे चूक असं काही नसतंच," असं तिने सुरुवातीलाच जाहीर केलं आणि पुढचे दोन तास ती टेबलाटेबलांवर फिरून चुका दुरुस्त करत होती. चित्र असं: निळी रात्र, काळी झाडं, वर ध्रुवतारा, आणि मधोमध शाल पांघरलेली हॅरिएट टबमन, हातात पेटलेला कंदील. आकृतीची बाह्यरेषा कॅनव्हासवर आधीच छापलेली होती. चेहरा नव्हता. नवशिक्यांना चेहरा जड जातो म्हणून पाठमोरी काढली आहे, असं शिक्षिकेने सांगितलं. एखाद्याला महान ठरवल्यावर त्याचा चेहरा वगळणं ही सोय सगळ्याच देशांतल्या समित्यांना आवडते.

मग तिने गोष्ट सांगितली. टबमन जन्मली मेरीलँडमध्ये, १८२२ च्या सुमारास, गुलामगिरीत. उंची जेमतेम पाच फूट. लहानपणी एका मुकादमाने दुसऱ्या कुणावर फेकलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्याला लागलं, तेव्हापासून तिला बोलताबोलता झोपेचे झटके यायचे. १८४९ मध्ये ती पळाली आणि फिलाडेल्फियाला पोचली. तिथे ती थांबली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण पुढच्या दहाएक वर्षांत ती सुमारे तेरा वेळा परत गेली आणि सत्तरेक माणसं घेऊन आली. जायची ती बहुधा हिवाळ्यात, कारण रात्री मोठ्या असतात आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. माणसं घेऊन निघायची शनिवारी रात्री, कारण पळालेल्या गुलामांची जाहिरात वर्तमानपत्रात सोमवारशिवाय छापून यायची नाही.

पार्किंग लांब मिळालं आणि थंडीने कान गळून पडले, ही माझी तक्रार तोवर टेबलावर अर्धी सांगून झाली होती. उरलेली अर्धी मी गिळली. तो शनिवार-सोमवारचा हिशेब मात्र माझ्या डोक्यात पक्का बसला. लिहिता-वाचता न येणारी बाई, आणि छापखान्याचं वेळापत्रक तिला पाठ.

एवढ्यात शेजारच्या बाईंनी हात वर केला. निवृत्त शिक्षक विद्यार्थ्यांत बसले की हे होतंच.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या, "रात्री लपूनछपून जाणारी बाई हातात पेटलेला कंदील घेऊन का जाईल?"

खोलीत शांतता पसरली. सगळ्यांनी आपापल्या कॅनव्हासवरच्या कंदिलाकडे पाहिलं. शिक्षिका म्हणाली की तो प्रतीकात्मक आहे. आशेचा.

"तिच्याजवळ पिस्तूल असायचं," बाई म्हणाल्या. "ते खरं होतं."

हे खरंच आहे. टबमन पिस्तूल बाळगायची. माग काढणाऱ्यांसाठी, आणि अर्ध्या वाटेत धीर सुटून परत फिरू पाहणाऱ्यांसाठीही, कारण एक माणूस परत गेला तर सगळे पकडले जायचे. पण शिक्षिकेची पंचाईत झाली. तिने लायब्ररियनकडे पाहिलं, लायब्ररियनने छताकडे. शेवटी असं ठरलं की कौटुंबिक कार्यक्रमात, सार्वजनिक इमारतीत, करदात्यांच्या कॅनव्हासवर पिस्तूल काढणं बरं दिसणार नाही. कंदील नको असेल त्याने तो सोडून द्यावा. बाईंनी त्याच क्षणी कंदिलाची बाह्यरेषा काळ्या रंगाने बुजवून टाकली. मी विचारलं, "मग हातात काय?" त्या म्हणाल्या, "हात शालीच्या आत आहे. आणि शालीच्या आत काय आहे ते तुला दिसणार नाही. तेच तर आहे सगळं."

मी आज्ञाधारक विद्यार्थी. मी कंदील ठेवला.

रंगकामाची पद्धत मोठी शिस्तीची होती. आधी सगळ्यांनी निळा. एकाचा निळा संपल्याशिवाय दुसऱ्याला काळ्याला हात लावायचा नाही. बायकोने विचारलं, असं का? आणि इथे शिक्षिकेने खरी माहितीची गोष्ट सांगितली. जेकब लॉरेन्स हा चित्रकार याच न्यू जर्सीतला, १९१७ मध्ये अटलांटिक सिटीत जन्मलेला. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर त्याने साठ चित्रांची मालिका केली, १९४०-४१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. ती साठही चित्रं त्याने एकदम रंगवली. आधी एक रंग घ्यायचा, तो साठही फळ्यांवर जिथे जिथे हवा तिथे लावायचा, मग दुसरा. त्यामुळे पहिल्या चित्रातला रंग साठाव्यातही तोच राहिला. पुढे मालिका विकली गेली तेव्हा दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली: विषम आकड्यांची चित्रं वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे, सम आकड्यांची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे. वडिलोपार्जित भांड्यांच्या वाटण्या पाहिलेल्या बायकोला हा न्याय एकदम पटला. टबमनवरही त्याने त्याआधी एकतीस चित्रं केली होती, हे ऐकल्यावर आमच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी आपल्या एका चित्राकडे पाहून ब्रश खाली ठेवला आणि कुकी उचलली.

निळा वाळायला वेळ होता. लायब्ररियन हेअर ड्रायर घेऊन एकेका रात्रीवर वारा घालत फिरत होती. मी शेजारच्या बाईंना म्हटलं की एवढं सगळं फुकट देतात, कमाल आहे. आमच्यात हे कौतुकाने म्हणतात. बाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं.

"तो लॉरेन्स कुठे शिकला, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. तर तेरा वर्षांचा असताना हा मुलगा आईकडे हार्लेमला आला. आई कामाला जायची. पोरगं रस्त्यावर फिरू नये म्हणून तिने त्याला शाळा सुटल्यावरच्या हस्तकलेच्या वर्गात घातलं. पुढे तो ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार बाईंकडे पोचला. या बाई मूळच्या फ्लोरिडाच्या, धर्मोपदेशकाच्या घरात जन्मलेल्या. लहानपणी मातीची बदकं करायच्या म्हणून वडिलांचा मार खायच्या. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या एका उन्हाळी कलाशाळेसाठी त्यांची निवड झाली आणि कातडीचा रंग कळल्यावर ती निवड समितीने मागे घेतली. त्या समितीत सगळे अमेरिकन होते. सॅव्हेजबाईंनी गप्प न बसता वर्तमानपत्रांतून बोभाटा केला. पुढे हार्लेममध्ये त्यांनी आपला स्टुडिओ उघडला आणि येईल त्याला फुकट शिकवलं. १९३७ मध्ये सरकारी पैशावर हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर निघालं, त्याच्या पहिल्या संचालक त्याच. विसाव्या वर्षी लॉरेन्सला सॅव्हेजबाई सरकारच्या कलाकार योजनेत नाव घालायला घेऊन गेल्या. त्याचं वय कमी भरलं. पुढच्या वर्षी पुन्हा घेऊन गेल्या. आठवड्याला सुमारे चोवीस डॉलर मिळू लागले, आणि मंदीच्या दिवसांत एक माणूस फक्त चित्रं काढून जगू लागला.

"तेव्हा फुकट वर्ग," बाई म्हणाल्या, "हा त्या कंदिलापेक्षा जास्त आमचा इतिहास आहे. कुकी घे."

मी घेतली. सॅव्हेजबाईंचं पुढे काय झालं हेही त्यांनी सांगितलं, पण ते टेबलावर कोणाला फारसं आवडलं नाही. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी 'द हार्प' नावाचं सोळा फुटी शिल्प केलं. गाणारी कृष्णवर्णीय मुलं म्हणजेच वीणेच्या तारा. लोकांनी त्याची छोटी प्रतिकृती विकत नेली, पोस्टकार्डं नेली. प्रदर्शन संपल्यावर प्लास्टरचं मूळ शिल्प ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते आणि ठेवायला जागा नव्हती. ते पाडून टाकलं.

नंतर तपकिरी रंगाचा प्रश्न आला. थाळीत लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. हातांचा आणि मानेचा रंग ज्याचा त्याने बनवायचा. ज्यांच्या लहानपणीच्या पेटीत फिकट गुलाबी खडूलाच 'स्किन कलर' म्हणत, त्या आम्हा देशी मंडळींची इथे तारांबळ उडाली. कुणाचा जांभळ्याकडे गेला, कुणाचा विटकरी झाला. माझा राखाडी झाला. शिक्षिका थबकली आणि म्हणाली की ॲमी शेरल्ड सगळ्यांची त्वचा राखाडी छटांतच रंगवते. २०१८ मधलं मिशेल ओबामांचं चित्र तिचंच. मी कॅनव्हास जरासा दूर धरून पाहिला. शेरल्ड जे विचारपूर्वक करते ते माझ्या हातून मिनिटभरात, काहीही विचार न करता झालं होतं.

मध्येच कुणाचा तरी वाढदिवस निघाला. लायब्ररियनने मेणबत्ती लावलेला कपकेक आणला आणि खोलीत दोन गाणी एकदम सुरू झाली. आम्ही आपलं जगभरातलं नेहमीचं. पण खोलीतली निम्मी माणसं टाळ्या वाजवत स्टीव्ही वंडरचं गाऊ लागली, आणि आमचं गाणं चार ओळींत आटोपलं तरी त्यांचं चालूच. तालात, खांदे हलवत, मधे एकमेकांना जागा देत. बाईंनी गाता गाता मला कोपराने ढोसलं. नंतर सांगितलं की ते गाणं मार्टिन ल्यूथर किंगच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी मिळावी म्हणून रचलेलं. १९८० चं. १९८३ मध्ये कायदा झाला, १९८६ पासून सुट्टी मिळू लागली. गाणं मात्र सुट्टी मिळाल्यावर थांबलं नाही. घरोघरच्या वाढदिवसांत शिरलं. सरकारला केलेल्या मागणीवर लोक कपकेक खातात, असा प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

वाढदिवसांवरून विषय फेब्रुवारीवर गेला. "सगळ्यांत आखूड महिना दिला आम्हांला," एक तरुण म्हणाला. हा विनोद जुना असावा, कारण हसणाऱ्यांनी तो संपायच्या आत हसायला सुरुवात केली होती. बाईंनी मात्र त्याला सोडलं नाही. दिला नाही, घेतला, म्हणाल्या. कार्टर वुडसन, आईबाप पूर्वीचे गुलाम, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला, १९१२ मध्ये हार्वर्डचा डॉक्टर झाला. त्याने १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला आणि फेब्रुवारी निवडला, कारण लिंकनचा जन्मदिवस बाराला आणि फ्रेडरिक डग्लसचा चौदाला. आठवड्याचा महिना पन्नास वर्षांनी झाला. त्यात डग्लसची चौदा तारीख ही त्याने स्वतःच ठरवलेली. गुलामाला जन्मतारीख कोण सांगणार?

मी म्हटलं, आमच्याकडे एका पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना हेडमास्तर ठोकून देत. बाई खळखळून हसल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण तुमच्या हेडमास्तरांना तुम्हांला विकायचं नव्हतं." डग्लसच्या मालकाकडे गुलामांची नोंद होती, ती गुरांची असते तशी होती. १ जूनचा विनोद मी त्या दिवसापासून जरा जपून करतो.

एव्हाना बायकोने पर्समधून तिळगुळाची डबी काढली होती. रथसप्तमी व्हायची होती, आणि तोवर ती हे कुठल्याही टेबलावर, अगदी दातांच्या डॉक्टरकडेही, हक्काने करते. बाईंनी एक वडी तोंडात टाकली आणि त्यांचे डोळे बदलले. "हे तर बेने!" त्यांची आजी साउथ कॅरोलायनातून उत्तरेला आली होती. तिकडे तिळाला हेच नाव, आणि तिळाच्या कुरकुरीत गोड चकत्या करतात. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांबरोबर तीळ तिथे पोचले आणि त्यांनी ते आपल्या झोपड्यांमागच्या वाफ्यांत लावले. आजी त्या चकत्या नाताळात करायची. बायकोने लगेच विचारलं, पाक कसा करायची, एकतारी की गोळीबंद? पुढची दहा मिनिटं दोघी साखर, लोणी आणि गूळ यांच्या हद्दी आखत होत्या आणि दोघींच्या रात्री अर्धवट रंगवलेल्या पडून होत्या.

त्याच ओघात बायकोने फुल्यांचा विषय काढला. पुण्यात वाढलेल्या माणसाला कुठेही दहा मिनिटं मोकळी मिळाली की तो पुण्यावर येतोच. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं, आणि ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना, हे तिने सांगितलं. टबमन पळाली त्याच्या आदल्याच वर्षी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हेही.

"अठराशे त्र्याहत्तर?" बाईंनी ब्रश टेकवला. "तिकडे? त्या माणसाला इथली खबर होती?"

"होती."

"तो चित्रकार होता का?"

"नाही."

"असायला हवा होता. लांबचं दिसत होतं त्याला." आणि त्या पुन्हा आपल्या चित्राकडे वळल्या. तिथे आता एक नदी आली होती, नमुन्यात नसलेली. ती कंबाही, साउथ कॅरोलायनातली. १८६३ च्या जूनमध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या बोटी त्या नदीवर गेल्या, टबमन बरोबर होती, आणि एका मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम सुटले. बाईंची टबमन पाठमोरी राहिली नव्हती. मान वळवून मागे येणाऱ्यांकडे पाहत होती. चेहरा पूर्ण होता. शिक्षिका त्यांच्या खुर्चीमागे बराच वेळ उभी राहिली आणि तिने काहीही दुरुस्त केलं नाही.

टबमनचं चित्र वीस डॉलरच्या नोटेवर आणायचं २०१६ मध्ये जाहीर झालं होतं. नोट अजून यायची आहे. आमच्या खोलीने दोन तासांत तीस टबमन तयार केल्या, त्यातल्या निदान सहा चलनात आणण्यासारख्या होत्या. शेवटी कोपऱ्यात सह्या करा म्हटल्यावर बायकोने देवनागरीत सही ठोकली, आणि तिचा ध्रुवतारा वाळायच्या आत लायब्ररियनने जाहीर केलं की महिनाभर ही सगळी चित्रं वाचनालयाच्या दालनात लागतील.

लागली. बाईंचं चित्र दारासमोर. माझं अग्निशामक नळकांड्याच्या शेजारी, मुलांच्या पुस्तकांच्या बाजूला, लहान मुलांच्या बरोबर डोळ्यांसमोर. मी सहज तिथे गेलो होतो. सहज म्हणजे कोणी पाहतंय का ते पाहायला. मासिकांच्या रॅकमागे उभा होतो. पाच-सहा वर्षांची एक मुलगी आईचा हात ओढत माझ्या चित्रापुढे थांबली.

"या बाईने मायक्रोवेव्ह का उचललाय?"

आई जवळ गेली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि बहुधा सभ्यतेमुळे म्हणाली की तो कंदील असावा. मग तिने खाली बसून सांगायला सुरुवात केली. रात्र, थंडी, जंगल, तारा. मुलगी ऐकत होती. टबमन दर शनिवारीच निघायची, आई म्हणाली.

"शनिवारीच का?"

आई अडखळली. मी रॅकमागून बाहेर आलो आणि म्हणालो, "कारण जाहिरात सोमवारी छापून यायची."

आईने मुलीला जवळ ओढून घेतलं.